मोटरहोममधली वीज पुन्हा पुन्हा मरते? नवी बॅटरी आणण्याआधी ही तपासणी करा

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, आतले दिवे लागत नाहीत, पाण्याचा पंप गप्प, कंट्रोल पॅनेल काळंठिक्कर. बॅटरी चार्ज केली की दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी बसवतात आणि ती बसवल्यावर वीज येतेही. नवी बॅटरी भरलेली असते, शिवाय बसवताना टर्मिनल साफ होतात आणि क्लॅम्प घट्ट आवळले जातात. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी राहतो आणि महिन्याभरात नव्या बॅटरीचीही तीच गत होते.

म्हणून तपासणी बॅटरीच्या पोलपासून सुरू करायची आणि एकेक जोड ओलांडत पुढे जायचं. मोजमाप लोड, म्हणजे वीज खाणारी उपकरणं, चालू ठेवूनच करायचं. लोड नसताना मीटरवर दिसणारे १२ व्होल्ट बऱ्याचदा खोटे असतात. ते का, ते पुढे येईलच.

आधी ठरवा, मेलंय काय?

मोटरहोममध्ये विजेच्या तीन वेगळ्या यंत्रणा असतात. इंजिनाची बॅटरी स्टार्टर, हेडलाइट आणि वायपर चालवते. घराची बॅटरी आतले दिवे, पंप, पंखे, हीटरचा ब्लोअर आणि फ्रिजचा कंट्रोल बोर्ड चालवते. तिसरी म्हणजे बाहेरची केबल लावली की येणारी २३० किंवा १२० व्होल्टची एसी वीज. या तिघी फक्त चार्जर, इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या जोडणारा रिले (विजेने उघड-बंद होणारा स्विच) अशा दोन-तीन ठिकाणी एकमेकींना भेटतात. त्यामुळे लक्षणं नीट पाहिली तर पाना हातात घेण्याआधीच अर्धं निदान होतं.

घरात अंधार आहे, पण बाहेरची केबल लावताच सगळं सुरू होतं? म्हणजे चार्जर स्वतःच्या जोरावर दिवे चालवतोय. फ्यूजबॉक्स आणि पुढची वायरिंग ठीक आहे. बिघाड बॅटरीत किंवा बॅटरी आणि फ्यूजबॉक्सच्या मधल्या वाटेवर आहे.

केबल लावूनही अंधारच असेल, तर बहुधा एक तर चार्जरला एसी पोहोचत नाही किंवा फ्यूजबॉक्सची मुख्य मायनस वायर सुटली आहे. घर आणि इंजिन दोन्ही एकदम मेले असतील तर दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेचे काँटॅक्ट चिकटलेत का ते पाहा. चिकटले असतील तर घराच्या लोडने इंजिनाची बॅटरीही उतरते. फक्त पंप किंवा फक्त मागचे दिवे बंद असतील तर बॅटरीला हात लावू नका. तो त्या शाखेच्या फ्यूजचा किंवा वायरचा प्रश्न आहे.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर आणीबाणीत सेल्फ मारण्यासाठी दोन्ही बॅटऱ्या जोडणारं बटण असतं. एकाने ते दाबून धरावं, दुसऱ्याने आतला दिवा पाहावा. दाबल्यावर दिवा लागला तर सोलेनॉइडपासून (दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेपासून) घरापर्यंतची वायर शाबूत आहे आणि संशय घराच्या बॅटरीवर किंवा तिच्या केबलवर येतो. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि सहसा कुणी करत नाही.

हत्यारं आणि खबरदारी

डिजिटल मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, दोन वायरा जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि वेगवेगळ्या क्षमतेचे ब्लेड फ्यूज एवढं पुरतं. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करा, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथे निरुपयोगी ठरतात.

अंगठी आणि धातूची साखळी काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बॅटरीच्या पोलवर अडकलेली अंगठी क्षणात लालबुंद होते. बॅटरी सोडवायची असेल तर बाहेरची केबल काढा, इन्व्हर्टर बंद करा आणि सोलर पॅनेल कंट्रोलरपासून वेगळे करा. मग आधी मायनस काढा, नंतर प्लस. जोडताना क्रम उलटा, आणि पॅनेल सर्वांत शेवटी. कंट्रोलरला बॅटरी नसताना पॅनेल मिळाले तर काही कंट्रोलर जळतात.

बॅटरी खरंच उतरली आहे का?

चार्जिंग थांबवून काही तास झाल्यावर मोजा. लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि आकडा फुगलेला येतो. घाई असेल तर पाच मिनिटं दिवे लावून ठेवा, बंद करा आणि थोडं थांबून मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत साधारण १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली ती रिकामीच समजा. एजीएमचा (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा) आकडा थोडा वर असतो.

रात्रभर चार्ज करून, विश्रांती देऊनही बॅटरी १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर तिचा एक सेल शॉर्ट झाला आहे. सहा सेलपैकी पाच शिल्लक, प्रत्येकी २.१ व्होल्ट, असा तो हिशोब आहे. ही बॅटरी बदलायचीच. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) खात्री होते: भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६५ च्या जवळ हवी आणि सेलासेलांत ०.०५ पेक्षा जास्त फरक नको.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर त्या वेगळ्या करून रात्रभर ठेवा आणि मग एकेकीचं मोजा. जोडलेल्या अवस्थेत दोघींचा आकडा सारखाच दिसतो, त्यामुळे आजारी कोण ते कळत नाही. आजारी बॅटरी निरोगी बॅटरीला रोज रात्री रिकामी करत असते. ६ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेल्या असतील तर प्रत्येकीचा आकडा वेगळा घ्या.

व्होल्टेज ठीक असूनही बॅटरी तासाभरात उतरते का? मग क्षमता संपलेली आहे. पूर्ण भरलेल्या १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा लोड टाकला तर दहा तासांनी ती निम्मी व्हायला हवी आणि लोड चालू असतानाही १२ व्होल्टच्या आसपास टिकायला हवी. तीन-चार तासांतच तिथे पोहोचली तर उपयोग संपला. लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटवरचं सल्फेट कडक होतं आणि मग ते चार्जिंगने पूर्ण उतरत नाही. म्हणजे कारण बहुधा चार्जिंगमध्ये असतं. बॅटरी बदला, पण तेवढ्यावर थांबू नका.

बॅटरीपासून फ्यूजबॉक्सपर्यंतची वाट

वारंवार येणाऱ्या बिघाडांतले बरेचसे इथेच सापडतात. त्यामुळे इथे वेळ द्या.

मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट मोजताना त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट जातो. एखादा जोड गंजून १,००० ओहमचा झाला असला तरी एवढ्या करंटला तिथे मिलिव्होल्टभरच अडथळा होतो आणि मीटर बिनदिक्कत १२ दाखवतो. त्याच जागी २१ वॅटचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन अँपिअर हवेत, ते गंजलेल्या जोडातून येत नाहीत, बल्ब लागत नाही आणि मीटरचा आकडा शून्याकडे कोसळतो. “सप्लाय येतोय पण काही चालत नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता प्रत्यक्ष मोजणी. दिवे, पंखा, पंप मिळून दहा अँपिअरच्या आसपास लोड चालू करा. काहीच चालत नसेल तरी स्विच चालूच ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लस पोलवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. काळं टोक फ्यूजबॉक्सच्या मुख्य प्लस बोल्टवर. दिसेल तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत वाया गेलेलं व्होल्टेज. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर नक्की बिघाड. वाट पूर्ण तुटलेली असेल तर बॅटरीचं सगळं व्होल्टेज इथे दिसेल.

मग काळं टोक एकेक जोड मागे आणत चला: मेन स्विचची पलीकडची बाजू, अलीकडची बाजू, मुख्य फ्यूजचे दोन्ही बोल्ट, केबलचा लग (टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं), क्लॅम्प. जो जोड ओलांडताच आकडा एकदम पडतो, तो दोषी. यानंतर हेच सगळं मायनसच्या बाजूने करा. लोक प्लसचा पाठलाग करतात आणि अर्थ (मायनसची चेसिसला असलेली जोडणी) विसरतात, पण पाणी, चिखल, मीठ यांचा मार खातो तो चेसिसवरचा अर्थच.

दोषी जागा कुठल्या असतात? बॅटरीच्या पोल आणि क्लॅम्पच्या मधला राखाडी थर. वरून नवाकोरा दिसणारा पण आतून हिरवी पूड झालेला लग. हा ओळखायला केबल लगपाशी वाकवून पाहा. कडक लागली किंवा करकरली तर इन्सुलेशन सोला आणि चमकदार तांबं लागेपर्यंत केबल कापा. नवा लग योग्य क्रिम्पिंग पक्कडीनेच दाबा आणि वर गोंदवाली हीटश्रिंक नळी चढवा. हातोडीने चेपलेला लग काही महिन्यांत पुन्हा त्रास देतो.

अर्थची जागा रंग खरवडून उघड्या लोखंडापर्यंत साफ करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन किंवा रंग लावा.

मुख्य फ्यूज डोळ्याने पाहून पास करू नका. केसाएवढी चीर दिसत नाही आणि गाडी हलली की ती जोडते-तुटते. लोड असताना फ्यूजच्या दोन टोकांत मिलिव्होल्टच दिसायला हवेत.

बॅटरीजवळ फ्यूजऐवजी आपोआप परत जोडला जाणारा सर्किट ब्रेकर असेल तर एक खास लक्षण दिसतं: वीज जाते, काही मिनिटांनी आपली आपण येते, पुन्हा जाते. तो तापून तुटतो आणि थंड झाला की जोडतो. जुना झाला की लिहिलेल्या क्षमतेच्या बराच आधी तुटायला लागतो. लोड तपासूनही करंट त्याच्या क्षमतेच्या खूप खाली असेल तर तोच बदला, त्याच क्षमतेचा. फ्यूज आणि ब्रेकर वायर वाचवण्यासाठी असतात. १५ चा निळा उडतो म्हणून ३० चा हिरवा घालणं म्हणजे पुढच्या वेळी वायरलाच फ्यूज बनवणं.

चार्जरसोबतच्या फ्यूजबॉक्समध्ये अनेकदा ३० किंवा ४० अँपिअरचे दोन फ्यूज वेगळे, शेजारी-शेजारी असतात. बॅटरी क्षणभर जरी उलटी जोडली गेली तरी ते उडतात. मग केबल लावल्यावर सगळं चालतं, केबल काढली की अंधार, आणि बॅटरी कधीच चार्ज होत नाही. बॅटरी काढून ठेवून पुन्हा बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर सर्वांत आधी हे दोन पाहा. उत्तर अमेरिकन बनावटीच्या मोटरहोममध्ये १२ व्होल्टची काळी वायर प्लस आणि पांढरी मायनस असते. काळी म्हणजे मायनस ही गाडीदुरुस्तीतली सवय इथे महागात पडते.

मेन स्विच आणि आपोआप तोडणारी यंत्रणा

दाराजवळचं बटण दाबून घराची बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच असेल तर खरं काम बॅटरीजवळचा लॅचिंग रिले करतो. तो फक्त जागा बदलताना करंट घेतो. बॅटरी फार उतरली असेल तर तेवढाही जोर मिळत नाही आणि बटण दाबूनही “टक” आवाज येत नाही. बॅटरी बाहेरून थोडी चार्ज करून पुन्हा दाबा. तरीही आवाज नाही, तर बटणाच्या बारीक वायरीवरचा छोटा फ्यूज पाहा. आवाज येतो पण पुढे वीज जात नाही, तर आतले काँटॅक्ट जळलेत. रिलेच्या दोन जाड बोल्टमधलं व्होल्टेज लगेच सांगेल.

काही पॅनेल १०.५ व्होल्टच्या आसपास घराचा लोड आपोआप तोडतात, बॅटरी वाचावी म्हणून. अशा पॅनेलवर बॅटरी भरल्यानंतर मुख्य बटण हाताने पुन्हा दाबावं लागू शकतं. एवढं न कळल्यामुळे धडधाकट पॅनेल खोलले जातात.

लिथियमचं वागणं निराळं. बॅटरीच्या पोलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसले तरी ती मेलेली असेलच असं नाही. आतल्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) स्वतःला बंद करून घेतलेलं असतं. अशा वेळी अनेक चार्जर समोर व्होल्टेज नाही म्हणून सुरूच होत नाहीत आणि दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. सगळा लोड काढा आणि लिथियम जागं करण्याची सोय असलेला चार्जर वापरा. शून्य अंशाच्या खाली बीएमएस चार्जिंग रोखतो, पण लोड चालू देतो. थंडीत बॅटरी “भरतच नाही” त्याचं हे साधं कारण. भरलेली लिथियम १३.३ च्या आसपास आणि बरीच उतरलेलीही १३ च्या जवळ दाखवते, त्यामुळे व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका. शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, बॅटरी मॉनिटर लावा.

चार्ज होतेय का?

बाहेरची केबल लावून बॅटरीच्या पोलवर मोजा. काही मिनिटांत आकडा १३ च्या वर जाऊन १३.६ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवा. चार्जरच्या टोकाला १४.२ आणि बॅटरीवर १३.१ असेल तर मधली वायर किंवा जोड खातोय. आकडा १२.५ वरच राहिला तर चार्जरचा एसी ब्रेकर आणि तेच दोन उलट-जोडणीचे फ्यूज पाहा.

इंजिन चालू करून घराच्या बॅटरीवर पुन्हा मोजा. न वाढल्यास रिले तपासा: ८५ आणि ८६ या टोकांवर कॉइलला १२ व्होल्ट मिळतात का, आणि मिळत असतील तर ३० आणि ८७ मध्ये लोडखाली किती व्होल्ट वाया जातात? नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारे जनरेटर) इंजिनाची बॅटरी भरली की व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतात. तिथे नुसत्या रिलेने घराची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी अंधार होत असेल तर हा मुद्दा डोक्यात ठेवा.

इन्व्हर्टर लोड येताच बंद पडत असेल तर आधी केबल पाहा. १,००० वॅटला १२ व्होल्टवर शंभर अँपिअरच्या जवळ करंट लागतो. पाच मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, १० चौरस मि.मी.ची तांब्याची केबल ५० अँपिअरलाच ०.८७५ व्होल्ट खाते. शंभरला पावणेदोन. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टरला कमी व्होल्टेज दिसतं आणि तो योग्य तेच करतो.

सॉकेट बंद, पण १२ व्होल्ट ठीक? बाहेरच्या खांबावरचा ब्रेकर, गाडीतला आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग प्रत्येक एमसीबी (शाखेचा छोटा ब्रेकर) पूर्ण खाली पाडून वर करा. एका बाहेरच्या किंवा बाथरूममधल्या जीएफसीआय (गळती होताच तुटणाऱ्या) सॉकेटने पुढचे सगळे सॉकेट तोडलेले असू शकतात. आरसीडी लगेच पुन्हा पडत असेल तर उपकरणं एकेक काढून पाहा. त्यापलीकडे एसीचे डबे उघडणं इलेक्ट्रिशियनवर सोडा.

गाडी उभी असताना कोण खातंय?

सगळं साफ केलं, चार्जिंगही ठीक आहे, तरी चार दिवसांनी बॅटरी रिकामी. आता चोरटा लोड शोधायचा. सगळे स्विच बंद करून, चार्जर आणि सोलर वेगळे करून, बॅटरीच्या मायनसच्या सगळ्या वायरा एकत्र धरून क्लॅम्प मीटर लावा. लावण्याआधी मीटर शून्यावर आणा. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, कंट्रोल बोर्ड मिळून ०.१ ते ०.३ अँपिअर दिसणं साहजिक आहे. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. १०० च्या लेड-ॲसिड बॅटरीचे वापरण्याजोगे निम्मे चार दिवसांत संपतात.

आकडा जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत आकडा कधी पडतो ते पाहा. संशयितांत सर्वांत मोठा म्हणजे १२ व्होल्टवर राहून गेलेला गॅसवर चालणारा फ्रिज. तो दहा-पंधरा अँपिअर खातो आणि एका रात्रीत बॅटरी रिकामी करतो. १२ व्होल्टची त्याची सेटिंग इंजिन चालू असतानाच वापरायची असते. त्याखालोखाल रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर, टीव्ही अँटेनाचा बूस्टर, सामानाच्या कप्प्यातला विसरलेला दिवा, पायरीची मोटर.

मेन स्विच बंद केल्यावरही करंट वाहत असेल तर गोंधळू नका. गॅस डिटेक्टर, पायरी आणि सोलर कंट्रोलर अनेकदा स्विचच्या आधीच, थेट बॅटरीला जोडलेले असतात. त्यांच्या वायरीतले बारीक फ्यूज बॅटरीपाशीच सापडतात. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर मायनस केबलच काढून ठेवा किंवा योग्य चार्जरवर सोडा.

दुरुस्ती झाली की बॅटरी पूर्ण भरा, चार्जर काढा, रात्रभर थांबून व्होल्टेज लिहून ठेवा आणि मेन स्विच बंद करून दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. लेड-ॲसिडमध्ये ०.१ व्होल्टच्या आत फरक असेल तर काम झालं. जास्त पडला तर मायनस काढून हीच दोन दिवसांची चाचणी पुन्हा करा. केबल काढूनही पडत असेल तर बॅटरीच बदला. काढल्यावर टिकत असेल तर स्विचच्या आधी जोडलेल्या बारीक वायरांपासून पुन्हा मोजायला लागा.